‘काल तर चालू होता’: आर्केडचा जुना बोर्ड दुरुस्तीला येतो तेव्हा

“दीदी, कल शाम तक तो चल रहा था.” इंदूरमध्ये रामबागेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत गेली कित्येक वर्षं हे वाक्य मी ऐकते आहे. मराठी माणूस आला तर ‘ताई, काल तर चालू होता’ म्हणतो, एवढाच फरक. बाबा टीव्ही दुरुस्त करायचे आणि नव्वदच्या दशकात शहरातल्या व्हिडिओ गेम पार्लरचे बोर्डही, म्हणजे मशीनच्या आतल्या खेळाच्या सर्किटच्या पाट्याही, त्यांच्याकडे यायच्या. पार्लरं गेली, पण बोर्ड आता पुन्हा यायला लागलेत. कुणाला माळ्यावर सापडतो, कुणाला कॅफेत जुनं मशीन लावायचं असतं, कुणी हौसेने जमवतो. बहुतेक बोर्ड पोह्यांच्या रिकाम्या पिशवीत येतात.

एकदा एका गृहस्थांनी सांगितलं की त्यांच्या बोर्डावरच्या चार रॉम चिप, म्हणजे खेळ साठवलेल्या चिप, मी बदलल्या. मी हात लावला नव्हता. पण बोर्ड आला तेव्हाचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. शेवटी पैसे मीच भरले. त्यांचं खरं होतं, की त्यांना कुणी आधीच फसवलं होतं, हे मला आजही ठाऊक नाही. त्या दिवसापासून बिघाड शोधण्याचा आणि भांडण टाळण्याचा क्रम मी एकच करून टाकला. पुढची पायरी चढण्याआधी मागच्या पायरीचा आकडा वहीत लिहायचा. तोच क्रम इथे देते आहे.

आधी वही, मग सोल्डर

बोर्ड हातात आला की ग्राहकासमोरच दोन्ही बाजूंचे फोटो काढा, चिपवरचे आकडे वाचता येतील इतक्या जवळून. सॉकेटमध्ये बसवलेल्या चिप वेगळ्या मोजा. स्क्रू ड्रायव्हरने एका मिनिटात निघतात त्या ह्याच, त्यामुळे वाद होतो तो ह्यांच्यावरून. मग तीन प्रश्न: शेवटचा कधी चालला, कुणाच्या कॅबिनेटमध्ये (मशीनच्या खोक्यात) चालला, आणि आधी कुणी उघडला होता का.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘कोणीच नाही’ असंच येतं. ते मनावर न घेता बोर्ड उलटा करा. कारखान्यातलं जुनं सोल्डर मंद, करडं आणि सगळीकडे सारखं दिसतं. नंतर कुणी डाग दिला असेल तर तेवढीच जागा चमकते आणि भोवती पेस्टचा तपकिरी थर राहिलेला असतो. अशा जागांवर ग्राहकालाच बोट ठेवायला लावा आणि तिथला फोटो घ्या. आवाज न चढवता हे काम होतं. बहुतेकदा तेव्हाच आठवतं, की हो, मामाच्या मुलाने एकदा पाहिलं होतं.

तपासणीचे पैसे आणि दुरुस्तीचे पैसे वेगळे ठेवा आणि ते आधीच लिहून सही घ्या. मी तपासणीचे तीनशे रुपये घेते, बोर्ड सुधारला नाही तरी. बिघाड शोधण्यात तीन तास जातात आणि चिप निघते वीस रुपयांची. मग ग्राहकाला वाटतं की वीस रुपयांच्या कामाचे हजार मागितले.

ओरिजिनल की कॉपी, हेही तेव्हाच लिहायचं. माझ्या टेबलावर येतात त्यातले बहुतेक कॉपीच असतात. कॅपकॉमच्या १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’चा खरा संच तीन बोर्ड एकमेकांवर बसवून झालेला असतो आणि त्यावर कंपनीच्या खास बनवलेल्या मोठ्या चिप असतात. कॉपीवर त्यांच्या जागी साध्या चिपांची रांग दिसते, काहींचे आकडे घासून उडवलेले असतात, कंपनीचं नाव कुठेच नसतं. आपल्याकडे ज्याला पोरं नुसतं ‘मुस्तफा’ म्हणायची, त्या १९९३ च्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’चंही तेच. कॉपी म्हणजे टाकाऊ नव्हे, ती दुरुस्त करायला उलट सोपी, कारण साध्या चिप मिळतात. पण ओरिजिनलच्या किमतीत घेतलेली कॉपी आहे, हे ग्राहकाला पहिल्या दिवशीच तुमच्याकडून कळलं पाहिजे. दुरुस्तीनंतर कळलं तर ती तुम्हीच बदलली असं तो समजेल.

वीज देण्याआधी

भिंग घ्या. उंदराचं मूत्र पडलेलं असेल तर तिथले ट्रॅक, म्हणजे तांब्याच्या रेघा, काळे-हिरवे होऊन तुटलेले असतात. माळ्यावरून आलेल्या बोर्डावर हे हटकून सापडतं. निकेल-कॅडमियम बॅटरी गळली असेल तर तो क्षार आहे. कापसाच्या काडीने थोडा व्हिनेगर लावा, मग पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण सुकू द्या. सॉकेटमधल्या प्रत्येक चिपचा पाय मोजा. एखादा पाय सॉकेटमध्ये न जाता पोटाखाली दुमडलेला असतो आणि वरून काहीच दिसत नाही. चिपची खाच सॉकेटच्या खाचेकडेच आहे ना, हेही बघा.

मग मीटरने पाच व्होल्ट आणि ग्राउंड यांमधला रेझिस्टन्स मोजा. शून्याजवळ आला तर वीज देऊच नका. अशा वेळी बहुतेकदा टँटॅलम किंवा सिरॅमिक कंडेन्सर शॉर्ट झालेला असतो.

आता ‘उलटा लावला होता का’ हा वाद, ज्याचा निकाल बोर्डच देतो. १९८५ पासून आलेल्या जामा या बोर्ड मशीनला जोडायच्या ठरावीक पद्धतीत कडेच्या पट्टीवर छप्पन्न संपर्क असतात, प्रत्येक बाजूला अठ्ठावीस. १ आणि २ वर ग्राउंड, ३ आणि ४ वर पाच व्होल्ट, ५ वर उणे पाच, ६ वर बारा, आणि ७ वर खाच. शेवटच्या २७ आणि २८ वरही ग्राउंडच. सातव्या जागी कनेक्टरमध्ये अडसर बसवलेला असेल तर बोर्ड उलटा जाऊच शकत नाही, पण पार्लरवाल्यांनी तो अडसर काढून टाकलेला असतो. बोर्ड उलटा घातला की १ च्या जागी २८ येतो. ग्राउंड ग्राउंडलाच मिळतं, म्हणून ठिणगी वगैरे काही होत नाही. पण सहाव्या जागेचे बारा व्होल्ट तेविसाव्या जागेवर जातात, आणि तिथे दोन्ही खेळाडूंच्या दुसऱ्या बटणाच्या तारा असतात. बटणांच्या ओळींमागची छोटी चिप, बहुतेक ७४एलएस२४४ किंवा तिच्या जातीची, तिथेच जळते.

तेव्हा बोर्ड चालतो, चित्र येतं, पण दोन्ही खेळाडूंचं दुसरं बटण एकदम मेलेलं, असं दिसलं की मी वहीत लिहून ठेवते: उलटा लावल्याची खूण. झीज होऊन दोन्ही बटणं एकाच दिवशी मरत नाहीत. ग्राहकाला कागदावर दोन रांगा काढून दाखवल्या की तो स्वतःच बोट फिरवून हिशोब करतो. आरोप करावा लागत नाही.

पाच व्होल्ट कुठे मोजले?

सप्लायवर पाच व्होल्ट आहेत, म्हणून बोर्डावरही आहेत, हा समज सगळ्यात महागात पडतो. मीटरचे टोक थेट चिपच्या पायावर ठेवा, एकदा पट्टीजवळच्या चिपवर आणि एकदा सगळ्यात लांबच्या. ७४एलएस मालिकेच्या चिपांना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. मी ५.० ते ५.१ च्या मधे ठेवते. सप्लायवर ५.१ आणि बोर्डावर ४.६ येत असेल तर अर्धा व्होल्ट वाटेत कुठेतरी जळतो आहे. कनेक्टर काळा पडला असेल, पट्टीवर मळ असेल, वायर बारीक असेल. पट्टीला पेन्सिलचं खोडरबर, मग अल्कोहोल. सँडपेपर मुळीच नको, वरचा मुलामा निघून जातो.

इथे बरेच जण एसएमपीएसचा, म्हणजे त्या सप्लायचाच, स्क्रू फिरवून व्होल्टेज चढवतात. चित्र येतं, लोक खूश होतात. मग कुणीतरी कनेक्टर हलवतो, अर्धा व्होल्ट परत मिळतो आणि बोर्डाला साडेपाच बसतात. बोर्ड आला तेव्हाची दोन्ही ठिकाणची व्होल्टेज लिहून ठेवली असतील तर हा प्रकार कुणी केला हे सांगायची वेळ येत नाही. आवाज नसला तर बारा व्होल्ट बघा, अँप्लिफायर बहुतेक त्यावरच चालतो. आवाज घोगरा असेल तर तिथले कंडेन्सर वाळलेले असतात.

आणि हो, चित्र लोळतं म्हणून बोर्ड आणणारे निम्मे लोक घरच्या टीव्हीवर तपासून आलेले असतात. हे बोर्ड साधारण १५.७ किलोहर्ट्झचा आरजीबी सिग्नल देतात. आजच्या टीव्हीला तो समजत नाही, मधे कन्व्हर्टर लागतो. जुन्या मॉनिटरमध्ये हात घालायचा असेल तर त्यातलं माहीत असलेला माणूस सोबत घ्या. पिक्चर ट्यूबच्या टोपीखाली वीस हजार व्होल्टच्या आसपास असतात आणि प्लग काढल्यावरही ते राहतात.

पडदा काळा किंवा नुसता कचरा

व्होल्टेज ठीक असेल आणि पडद्यावर थिजलेला कचरा असेल तर लोक आधी प्रोसेसर बदलायला निघतात. प्रोसेसर फार क्वचित जातो. आधी त्याला घड्याळ, म्हणजे ठेका देणारा सिग्नल, मिळतं का आणि त्याला थांबवून ठेवणारा रिसेट सुटतो का, हे बघा. झेड-८० या प्रोसेसरवर पाय ११ ला पाच व्होल्ट, २९ ग्राउंड, ६ वर घड्याळ, २६ वर रिसेट. ६८००० या दुसऱ्या प्रोसेसरच्या चौसष्ट पायांच्या चिपवर १५ वर घड्याळ, १७ वर हॉल्ट, १८ वर रिसेट. लॉजिक प्रोब (पायावर सिग्नल आहे का ते दाखवणारी काडी) असेल तर पाच मिनिटांचं काम. साधा प्रोब काही फार महाग नाही, आणि सीआरओ (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तर उत्तमच.

रिसेट ठरावीक वेळाने टक-टक करत असेल तर तो वॉचडॉग या राखणदार सर्किटचा उद्योग. प्रोसेसरने थोड्या-थोड्या वेळाने हजेरी लावायची असते. ती लागली नाही की वॉचडॉग त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. म्हणजे प्रोसेसर जिवंत आहे, पण वाचतो ते त्याला कळत नाही. चूक रॉममध्ये, रॅममध्ये (तात्पुरती माहिती ठेवणाऱ्या चिपमध्ये), किंवा दोघांकडे जाणाऱ्या रस्त्यावर.

अॅड्रेस (जागा सांगणारा) आणि डेटाचा (माहिती नेणारा) प्रत्येक पाय प्रोबने तपासा. आउटपुट ०.८ व्होल्टच्या खाली नाही आणि २ च्या वर नाही, मधेच लोंबकळतंय, असा पाय चालू चिपवर कायम दिसला की थांबा. त्याच्यामागची चिप आतून तुटलेली असू शकते. फुजित्सुच्या त्या काळातल्या टीटीएल चिपांची, म्हणजे ७४एलएससारख्या साध्या चिपांची, ही ख्यातीच आहे: वरून अगदी नव्या, आतून गेलेल्या. पण अनेक चिपांची तोंडं एकाच ओळीवर असतील तर एकेकाची पाळी संपल्यावर ती ओळ थोडा वेळ लोंबकळतेच. तेव्हा सोल्डर गरम करण्याआधी, ती चिप त्या वेळी बोलायला हवी होती का, हे तिला बोलायची परवानगी देणाऱ्या एनेबल पायावर बघा.

रॉमची साक्ष

सॉकेटमधल्या ईप्रॉम, म्हणजे काचेची खिडकी असलेल्या, पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या रॉम, एकेक काढा. काढण्याआधी फोटो, जागेचा क्रमांक पेन्सिलीने. प्रोग्रामरवर (चिप वाचायच्या-लिहायच्या यंत्रावर) तीन वेळा वाचा. तिन्ही वेळा सीआरसी, म्हणजे आतल्या माहितीवरून निघणारा पडताळणीचा आकडा, सारखा आला नाही तर चिप किंवा तिचे पाय संशयास्पद. सारखा आला तर तो आकडा मेमच्या यादीशी ताडून पाहा. जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणाऱ्या, १९९७ मध्ये सुरू झालेल्या मेम या प्रकल्पामुळे हजारो बोर्डांच्या रॉमचे आकडे जगजाहीर आहेत. जुळला तर ती चिप निर्दोष. जुळला नाही म्हणून लगेच दोषी ठरवू नका. त्याच खेळाच्या जपानी, अमेरिकी आणि कॉपी अशा आवृत्त्या असतात आणि तुमची आवृत्ती यादीत नसूही शकते.

वादात कामाला येते ती हीच यादी. बोर्ड आला त्या दिवशीचे सगळे सीआरसी आणि गेला त्या दिवशीचे, दोन्ही एका पानावर लिहून ग्राहकाला द्या. ‘माझी रॉम बदलली’ हे वाक्य मला त्यानंतर पुन्हा ऐकावं लागलं नाही.

खिडकीवरचं स्टिकर निघालं असेल तर नवं लावा, उन्हाने डेटा हळूहळू पुसला जातो. आणि २७१६ ही जुनी ईप्रॉम वाचायला काही लागत नाही, पण लिहायला पंचवीस व्होल्ट लागतात. स्वस्तातले बरेच प्रोग्रामर तिथपर्यंत पोचत नाहीत. ग्राहकाला ‘उद्या देते’ म्हणायच्या आधी तुमचा प्रोग्रामर पोचतो का ते बघा. हे मी शिकले ते बोलून बसल्यावर.

चिपवर चिप

रॅम गेली की चित्राचा कुठला भाग बिघडलाय त्यावरून जागा कळते. मागचं दृश्य ठीक आणि माणसं फाटलेली, तर स्प्राइटकडची (हलणाऱ्या आकृत्यांची) रॅम किंवा रॉम. सगळं जागच्या जागी, पण रंग भलतेच, तर रंगांची रॅम किंवा पट्टीपर्यंतचे रेझिस्टन्स. २११४ आणि ६११६ या दोन जुन्या रॅम बोर्डांवर सतत भेटतात आणि सतत जातात.

महाराणी रोडवरचा एक जुना मित्र आणि मी एका ६११६ वरून जवळजवळ आठवडाभर बोललो नव्हतो. बोर्डावरची माणसं उभ्या रेघांनी चिरलेली दिसत होती. मित्राने चांगली ६११६ जुनीच्या पाठीवर पायाला पाय लावून बसवली, बोटाने दाबली आणि चित्र लख्ख झालं. “झालं की, खालची गेली.” हा चिपवर चिप बसवायचा उपाय सगळेच वापरतात. खालची आतून तुटली असेल तर तो कामाचा. खालची शॉर्ट होऊन ओळ खाली ओढत असेल तर वरची काही करू शकत नाही. आमच्या बाबतीत त्याने चोवीस पायांची चिप काढली, सॉकेट लावलं, नवी बसवली. रेघा गेल्या. तीन दिवसांनी परत आल्या.

मी नंतर काहीही न बसवता नुसत्या लाकडी काडीने आजूबाजूला दाबत गेले. रॅमच्या शेजारच्या ७४एलएस२४५ चा ग्राउंडचा पाय दाबला की रेघा जात होत्या. ड्राय सोल्डर, म्हणजे भेग पडून सुटलेला डाग. मित्राच्या बोटाने बोर्डच वाकत होता आणि ती भेग बंद होत होती. रॅम बिचारी निर्दोष होती. म्हणून चिपवर चिप ठेवण्याआधी नेहमी नुसतं दाबून बघा. शंका आली तर त्या भागातल्या पायांना पेस्ट लावून पुन्हा गरम करा. दहा मिनिटं लागतात.

सगळे कंडेन्सर बदलून टाकायचे, हा दुसरा मोठा वाद. मॉनिटरच्या बाबतीत मी त्याच्या बाजूची आहे. डिजिटल बोर्डावर मात्र नाही. चाळीस वर्षांचा ट्रॅक प्रत्येक वेळी गरम केला की थोडा सैल होतो. काहीही न मोजता तीस जागी सोल्डर लावायचं म्हणजे नवे बिघाड पेरायचे आणि त्याचे पैसेही घ्यायचे.

चिप काढायची ठरलीच तर ती वाचवायच्या मोहात पडू नका. पाय अंगाशी कापा, मग एकेक पाय नवं सोल्डर घालून गरम करून ओढा. ग्राउंड आणि पाच व्होल्टचे पाय मोठ्या तांब्याला जोडलेले असतात आणि उशिरा तापतात. घाई केली की छिद्राचा मुलामाच पायाबरोबर बाहेर येतो. तसं झालं, आणि कधी ना कधी होतं, तर बारीक वायरने जोडा, फोटो घ्या आणि ग्राहकाला स्वतःहून दाखवा. त्याला ते महिन्याभराने दुसऱ्याकडून कळलं तर तुमचं खरंही खोटं ठरतं. काढलेली चिप छोट्या पुडीत घालून बोर्डासोबत परत द्यायची.

बॅटरीवाले बोर्ड

कॅपकॉमचा १९९३ पासूनचा सीपीएस-२ बोर्ड आला तर आधी हात मागे घ्या. खेळ सांकेतिक रूपात साठवलेला असतो आणि तो वाचायची किल्ली बॅटरीवर जिवंत असलेल्या मेमरीत असते. बॅटरी संपली की किल्ली जाते आणि खेळ सुरूच होत नाही. ३.६ व्होल्टची ही लिथियम बॅटरी शेवटपर्यंत जवळजवळ तेवढंच व्होल्टेज दाखवते आणि मग एकदम कोसळते. त्यामुळे ‘मीटरवर तर ठीक होती’ याला काही अर्थ नाही. बदलायची असेल तर बाहेरचा सप्लाय समांतर जोडूनच. आणि काम सुरू करण्याआधी, बोर्ड तेव्हा चालत होता याचा व्हिडिओ, ग्राहकाच्या आवाजासकट. मेलेल्या बोर्डात किल्ली पुन्हा भरायची रीत २०१६ पासून उघड आहे, म्हणजे आता हे मरण कायमचं नाही. तरी तो जोखमीचा करार वेगळा लिहून घ्या.

परत देताना

सुधारलेला बोर्ड निदान चार तास चालवा. अनेक बिघाड गरम झाल्यावरच दिसतात. टेस्ट मोड, दोन्ही खेळाडूंची सगळी बटणं, टोकनचा स्विच, आवाज, सगळं एका सलग व्हिडिओत. कुरियरने जाणार असेल तर आधी अँटिस्टॅटिक पिशवी, मग बबल रॅप. बोर्ड थेट थर्माकोलवर ठेवू नका. डिसेंबर-जानेवारीत इथली हवा इतकी कोरडी असते की स्वेटर काढताना ठिणग्या उडतात. माझी हमी फक्त बदललेल्या चिपांची, तीस दिवस, आणि तसं बिलावर लिहिलेलं असतं. बिल द्याच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्या दिवशी ग्राहकाला हवं असतं तेच बिल तुम्हालाही हवं असतं.

पैसे दिले नाहीत तर? भारतीय करार कायदा १८७२ चं कलम १५१ सांगतं की ताब्यात दिलेली वस्तू शहाणा माणूस स्वतःची जपेल तशी जपायची. कलम १७० सांगतं की त्या वस्तूवर मेहनत आणि कौशल्य खर्च केलं असेल, आणि वेगळा करार नसेल, तर मोबदला मिळेपर्यंत ती ठेवून घेता येते. ठेवून घेता येते, विकता येत नाही. हा फरक विसरलेले दुकानदार मला माहीत आहेत.

म्हणून आमच्या माळ्यावर पाच बोर्ड चिठ्ठ्या लावून पडून आहेत. दर दिवाळीच्या साफसफाईला मी ते खाली काढते आणि एकेक अर्धा तास चालवते. गेल्या दिवाळीला त्यातल्या एकाचा आवाज बंद झाला. तारीख घालून वहीत लिहिलं, बारा व्होल्ट मोजले, ठीक होते. मालकाला फोटोसकट निरोप पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या आहेत, उत्तर नाही.